उशीखालचा डाग

बसस्टँडमागच्या लॉजमध्ये सव्वीस वर्षं खोल्या आवरलेल्या मावशींना परदेशातल्या हॉटेलात कुणी मॅडम म्हणालं, की त्या आधी मागे वळून बघायच्या. मॅडम म्हणजे आपणच, हे अंगवळणी पडायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांना त्या हाकेची लाज वाटायला लागली.

सहल लेकीनं काढली होती. लेक एका कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर. आईनं जन्मभर दुसऱ्यांची अंथरुणं घातली, आता चार दिवस तिनं आयत्या अंथरुणावर पडावं, एवढाच तिचा हेतू. गटात तीसेक माणसं आणि आपली भाषा बोलणारा गाइड. विमानतळावर बायकांच्या चौकशा सुरू झाल्या, तेव्हा लेक बोलून गेली, की आई हॉटेल लाइनमध्ये होती. खोटं नव्हतंच ते. पण बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी लगेच विचारलं, "मॅनेजमेंटमध्ये का?" लेकीनं मान हलवली. मावशींनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचीही मान हलली.

झालं. तिथून मावशींचं प्रमोशन जे सुरू झालं, ते थांबेना. हॉटेलची लॉबी दिसली की बँकवाल्या बाई विचारणार, मॅडम, तुमच्या नजरेला कसं वाटतंय? मावशी गंभीर चेहऱ्यानं इकडेतिकडे बघून सांगायच्या, की कोपऱ्यातली धूळ बघा, बाकी सगळी रंगरंगोटी. बायका माना डोलवायच्या. मावशींना मनातून गुदगुल्या व्हायच्या, हे कबूल करायला हवं.

शहर सगळं काचेचं. खांबांवरून आगगाडी जाते, इमारतींच्या सज्ज्यांतून झाडं वाढतात, बाहेर आंघोळ केल्यासारखा घाम आणि आत कुडकुडायला लावणारा गारवा. दारातून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरायची. मावशी तो पदरानं पुसायच्या आणि पुसेपर्यंत गट पुढे गेलेला असायचा.

पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. लेक आंघोळीला गेली होती. मावशींनी खोलीतल्या किटलीवर चहा केला, पलंगाच्या पायथ्याशी टेकल्या, आणि एवढ्या मऊ गादीची सवय नसल्यानं तोल जाऊन अर्धा कप चादरीवर सांडला. पांढरीशुभ्र चादर. आदल्या दिवशी बॅगा आत घेताना सफाईवाल्या बाईनं हसून मान लववली होती. चाळिशीची, सडपातळ, अंगठ्याला पट्टी बांधलेली. ती काय म्हणेल? बोलणार काहीच नाही, पण मनात म्हणेल. मावशींनी स्वतः किती गिऱ्हाइकांना मनात काय काय म्हटलं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

मग हातांनी जे करायचं ते परस्पर केलं. लॉजमध्ये धुतलेल्या चादरी कमी पडल्या की मालक म्हणायचे, उलटी घाला. म्हणजे पायाकडची बाजू डोक्याकडे न्यायची, डाग उशीखाली जातो, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. मावशींनी चादर उलटी घातली, कोपरे दाबले, हात फिरवून सुरकुती मोडली. एकच पलंग आवरलेला विचित्र दिसेल, म्हणून लेकीचाही आवरला. लेक बाहेर आली, तिनं बघितलं आणि हसून म्हणाली, की तुला सुट्टी मानवत नाही. दुसऱ्या दिवशी उशी कुणी उचलू नये म्हणून उठल्या उठल्या पुन्हा दोन्ही पलंग आवरले. तिसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी नाश्ता करून दोघी बॅग घ्यायला वर आल्या, तर खोलीचं दार उघडं. आत हातात यादी घेतलेली सुपरवायझर उभी. मावशींची उशी खुर्चीवर, आणि चादरीवर तो तपकिरी डाग उघडा पडलेला. सफाईवाली बाई भिंतीला लागून, हात पुढे बांधून उभी होती. लेकीला इंग्रजी कळत होतं, तिनं हळू आवाजात सांगितलं. दोन दिवस चादरी बदलल्याची यादीत खूण आहे आणि चादर तर तीच. बाई म्हणत होती, की पलंग घातलेला दिसला, आपल्या जोडीदारणीनं केला असेल असं समजून तिनं खूण केली. सुपरवायझर ऐकत नव्हती. तिचं म्हणणं, चादर उलटी घालून डाग उशीखाली ढकलायचा, हे पाहुण्याला सुचत नाही. हे काम करणाऱ्यालाच सुचतं.

अगदी खरं होतं ते.

बाईची नोकरी जाणार, हेही लेकीनं सांगितलं. एव्हाना गटातल्या चारदोन बायका दारात जमल्या होत्या. बँकवाल्या बाई म्हणाल्या, की या लोकांच्या लबाड्या मॅडमना बरोबर ठाऊक असणार. लेकीनं त्यांचं कोपर धरलं. तिलाही कळलं होतं. लहानपणी शाळा सुटल्यावर लॉजच्या जिन्यात बसून तिनं आईला शंभर वेळा चादर उलटी घालताना पाहिलं होतं.

"आई, बस थांबलीय," लेक म्हणाली.

आणि मावशी गेल्या. मूग गिळून, पर्स काखेला लावून, त्या बाईच्या समोरून गेल्या.

त्या दिवशी उंच मनोऱ्यावर जायचं होतं. बसमध्ये मावशींना लॉजच्या अकरा नंबरच्या खोलीतला माणूस आठवत राहिला. त्याचं घड्याळ हरवलं तेव्हा मालकानं मावशींना आठ दिवस घरी बसवलं होतं. आठ दिवस गल्लीतल्या नळावर बायका त्यांना बघून गप्प व्हायच्या. नंतर कळलं, घड्याळ त्याच्याच बॅगेत होतं आणि बसस्टँडवरच सापडलं होतं. लॉज तिथून दोन मिनिटांवर. पण तो सांगायला परत आला नाही. मावशींनी वर्षानुवर्षं त्याच्या नावानं बोटं मोडली होती. आता ती बोटं मांडीवर गप्प पडून होती.

मनोऱ्यावर सगळे काचेला नाक लावून फोटो काढत होते. बँकवाल्या बाईंनी हाक मारली, "मॅडम, या ना इकडे."

"मी मॅडम नाही," मावशी म्हणाल्या. "मी लॉजमध्ये खोल्या झाडायचे. ती चादर मी उलटी घातली."

गाइड म्हणाला, संध्याकाळी गेल्यावर बघू. मावशी म्हणाल्या, आत्ता. लेकीचा चेहरा लाल झाला होता, पण ती निघाली. खांबांवरच्या गाडीतून दोघी परतल्या. एवढं मोठं शहर खिडकीतून सरकत होतं, दोघींनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

हॉटेलात लेकीला सगळं इंग्रजीतून सांगावं लागलं. सुपरवायझर गोड हसली. पाहुणे दयाळू असतात, नोकरांची चूक अंगावर घेतात, असं म्हणाली. तेव्हा मावशींनी पदर खोचला. नवी चादर ओढून काढली, हवेत झटकली, फिरवली, चारही कोपरे दाबले, तळव्यानं एकदाच पुसून काढली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सुपरवायझरचं हसू मावळलं. तिनं फोन केला.

सफाईवाली बाई वर आली ती घरच्या कपड्यांत. गणवेश तिनं परत केला होता. तो पुन्हा मिळेल, असं सुपरवायझरनं तिला सांगितलं. बाईनं मान हलवली. मग तिनं त्या घातलेल्या पलंगाकडे बघितलं, मावशींच्या हातांकडे बघितलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत काहीतरी विचारलं. लेक घुटमळली.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुम्ही हेच काम केलंय. मग सकाळी बोलला का नाहीत?"

मावशींनी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "सांग तिला," त्या म्हणाल्या, "की हे काम मी केलंय असं लोकांना कळेल, याची मला लाज वाटली."

लेक आधी आईकडे वळली. मग बाईकडे बघून काहीतरी बोलली. मावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण वाक्य फारच छोटं झालं, एवढं त्यांना कळलं. बाईनं पहिल्या दिवशीसारखीच मान लववली आणि ती गेली. हसली मात्र नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मावशी उठल्या. हात सवयीनं चादरीकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. पांघरूण पायाशी गोळा झालेलं, उशी तिरकी, मधोमध अंगाचा खळगा. ते सगळं तसंच ठेवून त्या दाराबाहेर आल्या आणि खालमानेनं त्या बाईच्या ढकलगाडीच्या आवाजाची वाट बघत उभ्या राहिल्या.