घाटोळे डॉक्टरांची साधी काच

घाटोळे डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात सदैव एक साधी काच असायची. नंबर नसलेली, खिडकीला लावतात तसली. चष्मा हवा म्हणून आलेल्या मुलाच्या नाकावर ते तपासणीची जड फ्रेम चढवत, तिच्यात ही काच सरकवत आणि गोड आवाजात म्हणत, "बेटा, ये बहुत पॉवरवाला काँच है. अब पढ़ो." मूल घडाघडा वाचायचं. "पकडलं!" म्हणून डॉक्टर टाळी वाजवायचे. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधली निम्मी मुलं आपण अशी पकडली आहेत, अशी त्यांची फुशारकी होती.

कारखान्याच्या ज्या दवाखान्यात ते डोळे तपासत, तिथेच मी एक्स-रे काढायची. चहाच्या वेळी ते नवी शिकार सांगत आणि मी पोट धरून हसत असे. माणूस कामाला मात्र चोख. वेल्डिंगची ठिणगी डोळ्यात गेलेला कामगार आला तर हातातला घास टाकून उठायचे. सगळा राग मुलांवर. "बाई, हे पोट्टे लई नाटकी. परीक्षा आली का यांचे डोळे जातात," असं खास आपल्या वऱ्हाडी ठसक्यात म्हणायचे.

आणि मग माझी मिनू म्हणायला लागली की फळ्यावरचं दिसत नाही. तिसरीत होती. मी तिला डॉक्टरांकडे नेताना दारातच बजावलं, "नीट वाच. सरांसमोर माझी फजिती करू नकोस." डॉक्टरांनी साधी काच घातली. मिनूने तक्ता वरपासून खालपर्यंत न अडखळता वाचला. वाचताना तिचं तोंड तक्त्याकडे नव्हतं, शेजारच्या कॅलेंडरकडे होतं. ते मला दिसलं. मला वाटलं, लाजते आहे.

"पकडलं! बाई, तुमचीच निघाली की!" सगळी खोली हसली. घरी आल्यावर मी मिनूच्या थोबाडीत मारली.

तक्रार काही थांबेना. डोक्याचा एक्स-रे काढू का, म्हणून मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. त्यांच्या चिठ्ठीशिवाय फिल्म वापरायची नाही असा नियम होता. "आई झालात म्हणून सरकारी फिल्म वाया घालवता का?" ते म्हणाले. मी नियम पाळला. मशीन माझ्या हाताखाली होतं आणि मी पाच महिने नियम पाळला.

हिवाळ्यात तिला सकाळी उठल्या उठल्या उलट्या व्हायला लागल्या. एक दिवस तिने दूध पेल्याच्या बाजूला ओतलं. त्या दुपारी मी चिठ्ठीशिवाय तिला मशीनसमोर उभं केलं. अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्यात फिल्म उमटली. कवटीच्या तळाशी, जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात, तिथे चुन्याचे पांढरे खडे विखुरलेले होते; तिथे काहीच दिसायला नको होतं.

"मिनू, तो तक्ता तू वाचलास कसा गं?"

"वाचला नाही. शाळा सुटल्यावर तू घरी न्यायला येईपर्यंत रोज सरांच्या दाराशी बाकावर बसायचे ना! मुलांचं ऐकून पाठ झाला होता. तू म्हणालीस, फजिती करू नकोस."

मी ओली फिल्म घेऊन तशीच डॉक्टरांकडे धावले. त्यांनी ती खिडकीसमोर धरली आणि सवयीने विचारलं, "चिठ्ठी कुणाची?" मग त्यांना खडे दिसले. ते खुर्चीत बसले. मग त्यांनी नागपूरच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी लिहिली.

तिथल्या स्कॅनमध्ये गाठ दिसली, लिंबाएवढी. ऑपरेशनने मिनू वाचली. डोळे गेले. लवकर आणलं असतं तर थोडी नजर राहिली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ते मी घाटोळे डॉक्टरांना सांगितलं, अगदी मुद्दाम, चहाच्या वेळी, चारचौघांत. त्यांनी कप खाली ठेवला. ती काच पुन्हा कुणी पाहिली नाही. त्यांच्याशी कामाव्यतिरिक्त एक शब्दही मी नंतर बोलले नाही.

तीन वर्षांनी ते निवृत्त झाले. नागपूरला जायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या क्वार्टरवर आले. मिनू व्हरांड्यात बसली होती. म्हातारा तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"बेटा, माझं चुकलं. मला माफ कर."

"तुम्ही तर फक्त हसला होतात, सर," मिनू शांतपणे म्हणाली. "मारलं आईनं होतं."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही, एवढी दया केली. माफी मागायला त्यांना तीन वर्षं लागली. मी अजून मागितलेली नाही.