मावशीचं समुद्राकाठचं मैदान

आमच्या मावशीला गोल्फ खेळताना चेंडू हरवला की आनंद व्हायचा. बाकीचे चरफडत दुसरा चेंडू काढायचे. मावशी ओढणी कमरेला बांधून झुडपांत शिरायची आणि मूठभर बोरं घेऊन परतायची. एकदा चेंडूऐवजी टिटवीची अंडी सापडली, तर तिनं खेळ तिथंच थांबवला आणि मागून येणाऱ्या सगळ्यांना लांबचा वळसा घ्यायला लावला. "घर हाय तिचं. आपुन पाहुणे," एवढंच म्हणाली.

देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याची ही मुलगी गोल्फ शिकली ती फौजी नवऱ्याबरोबर गावोगावच्या छावण्यांत राहताना. काका निवृत्त झाले आणि दोघं शहरात, मुकुंदवाडीला राहायला आले. शहराबाहेरच्या एका माळावर काही हौशी मंडळींनी निशाणं रोवून मैदान केलं होतं. गवत पावसाळ्यापुरतं, एरवी नुसता मुरूम. चेंडू दगडावर आपटून कुठंही उडायचा. मावशी म्हणायची, "गालिच्यावर कुणी बी खेळंल. चेंडूनं आपल्याला पळवलं पायजे, तवा मजा."

काका गेल्यावरही तिनं माळ सोडला नाही. तिची मुलगी वर्षाताई स्कॉटलंडमध्ये, समुद्राकाठच्या एका खेड्यात राहते. "आई, इकडे ये," असा तिचा धोशा आणि मावशीचं ठरलेलं उत्तर, "तिथं दार लावून बसू का मी?" मग एकदा मावशी न्हाणीघरात पडली आणि शेजारी येईपर्यंत तशीच पडून राहिली. वर्षाताईनं फोनवर रडून आकांत केला. शेवटी महिनाभरासाठी म्हणून मी मावशीला घेऊन गेलो.

दोन आठवडे ती खिडकीशी बसून होती. मग वर्षाताईनं आम्हाला गावच्या जुन्या मैदानावर नेलं. ते कुणी आखून बांधल्यासारखं दिसतच नव्हतं. वाळूच्या टेकड्या, त्यांवर कमरेएवढं गवत, मेंढ्यांनी चरून आखूड केलेले पट्टे आणि एकही झाड नाही. मावशी कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझा दंड धरून म्हणाली, "बाळ्या, ह्यो तर आपलाच माळ! नुसता समुद्र आणून ठेवलाय बाजूला."

तिचा पहिला चेंडू उंच गेला आणि वाऱ्यानं तो मागं वाळूत आणून टाकला. आमच्याबरोबर गावातल्या मार्गारेट नावाच्या आजी खेळत होत्या. त्यांनी हाताचा तळवा जमिनीलगत सरकवून दाखवला. मावशीला इंग्रजी येत नव्हतं, पण हे लगेच कळलं. पुढचा चेंडू सशासारखा गवतातून धावला. "व्हय, आस्सं!" मावशी ओरडली, आणि आजींनी टाळ्या वाजवल्या.

पुढं एका टेकडीमागं चेंडू हरवला. दोघी शोधायला गेल्या त्या दिसेनाशाच झाल्या. हाका मारल्या तर वाऱ्यात विरून गेल्या. मावशी पुन्हा पडली असेल, या धास्तीनं वर्षाताई वाळूतून धावत सुटली, मागोमाग मी. टेकडीपलीकडं वारा अडवणारी एक खोलगट जागा होती. तिथं दोघी पाय पसरून बसल्या होत्या. मावशीनं पिशवीतली दशमी काढली होती आणि आजी तिच्यावरची शेंगदाण्याची चटणी खाऊन डोळे पुसत हसत होत्या.

"चेंडू सापडला का?" धापा टाकत वर्षाताईनं विचारलं.

"नाय," मावशी म्हणाली. "वर्षे, तुझी ती मागची खोली रिकामीच ऱ्हाती ना?"

वर्षाताई तिथंच वाळूत बसली आणि आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली.

मावशी परत आली ती घर आवरायलाच. जाताना विमानतळावर तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तोंड नको पाडू. लई खूश हाय मी," म्हणाली.

आता तिचा व्हिडिओ कॉल येतो तो मैदानातूनच. पडद्यावर तिचे पांढरे केस उडत असतात, मागं मार्गारेट आजी हात हलवतात आणि मावशी हसत हसत काहीतरी ओरडून सांगत असते. वाऱ्यापुढं शब्द एकही ऐकू येत नाही. मी फोन ठेवत नाही.