खंदारे मॅडमचा बाक

तक्रारी फायलीत जातात, किस्से मात्र आमच्या टेबलावरच साचतात! आमच्या म्हणजे जालन्यातल्या डॉक्टरांच्या तक्रार समितीच्या. समितीत आम्ही दोघंच. मी दातांचा डॉक्टर आणि अध्यक्ष खंदारे मॅडम, बाळंतपणाच्या डॉक्टर. मॅडमचा नियम एकच. तक्रारदाराला आधी खुर्ची आणि चहा. डॉक्टर बाहेरच्या बाकावर. पेशंटला जेवढं ताटकळत ठेवलं, तेवढाच वेळ!

* * *

पहिला मान मस्तगडच्या डॉ. जगतापांना. दोन तास. दर पाच मिनिटांनी दार ढकलायचे, "मॅडम, माझे पेशंट खोळंबलेत!"

मॅडमनी मानही वर केली नाही. "त्यांना सवय आहे."

जगताप भडकले. "आपल्याच माणसांना बसवता! उद्या स्वतः बसाल का?" तेव्हापासून समिती बंद करायच्या मागे लागले.

* * *

एका हाडांच्या डॉक्टरने चार पानी इंग्रजी खुलासा पाठवला. मॅडमनी त्यालाच तो तक्रारदार तुळशीरामकाकांना मराठीत सांगायला लावला. दोन वाक्यांत संपला!

काका म्हणाले, "एवढंच व्हतं तर त्या दिशीच सांगायचं ना! मी बिलकुल आलोच नसतो."

* * *

एक डॉक्टर सुनावणीला पेढे घेऊन आला. मॅडमनी बॉक्स पुरावा म्हणून कपाटात ठेवला. पुढच्या तारखेला पुराव्याला मुंग्या लागल्या!

* * *

आणि गेल्या महिन्यात तक्रार आली खुद्द मॅडमविरुद्ध! कुंभार पिंपळगावच्या गयाबाई सुनेला दाखवायला आल्या होत्या. नंबर त्यांचा, आणि मॅडम ओळखीच्यांना आत घेत राहिल्या. तीन तास.

समिती बंद करायचा ठराव लिहूनच जगताप हजर झाले. मी हळूच विचारलं, "मॅडम, ऑपरेशन चालू होतं असं लिहू?"

"नव्हतं," मॅडम म्हणाल्या आणि सरळ बाकावर जाऊन बसल्या. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

गयाबाईंना मी खुर्ची दिली, चहा दिला. तासाभराने पुन्हा चहा आला, त्यांचा आणि मॅडमचाही. गयाबाईंनीच दार उघडलं. "या आत, डाक्टरीणबाई. तुमचा च्या गार होऊन राह्यला."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "अजून दोन तास आहेत."

गयाबाई दोन्ही कप घेऊन बाहेर आल्या. "मंग सरका थोडं!"

बसल्यावर त्यांची नजर जगतापांकडे गेली. "तुमी कशाला उभे? बसा की!"

जगतापांनी ठरावाची घडी करून खिशात घातली आणि बाकाच्या टोकाला टेकले.