मसीहासाठी घासलेलं कुलूप

चाळीस वर्षं कुलपं करून करून तो सगळ्यांचा किल्लीकाका झाला होता. तुरुंगातली कुलपंही त्याच्याच हातची. पण ते अभिमानाने सांगण्यासारखं उरलं नव्हतं, कारण दोन वर्षांपासून त्याचा एकुलता एक मुलगा त्यातल्याच एका कुलपाआड होता. कारखान्याच्या संपात पुढे उभा राहिला म्हणून बारा वर्षांची शिक्षा झालेली. आता त्याच्या खोकल्यातून रक्त पडत होतं. "बारा कसली, हा येता हिवाळा काढणार नाही," असं तुरुंगाच्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं.

मसीहा बंदिवानांना मोकळं करील, हे किल्लीकाका प्रार्थनामंदिरात लहानपणापासून ऐकत आला होता. बाकीचे ऐकून माना डोलवायचे. तो पडला कुलूपवाला. मोकळं करायचं म्हणजे दार उघडायचं, आणि दार उघडायचं म्हणजे सहा लिव्हरच्या कुलपाशी गाठ. ते कुलूप त्याने स्वतः केलं होतं. ते देवालाही दाद द्यायचं नाही, अशी धास्ती त्याच्या मनात बसली.

म्हणून तुरुंगातल्या कुलपांच्या तेलपाण्याच्या फेरीत त्याने मुलाच्या कोठडीचं कुलूप खोललं आणि पाच लिव्हर कानशीने घासून टाकले. बाहेरून किल्ली नीट फिरायची. पण आतून दाराला जोरात खांदा दिला की लोखंडी जीभ मागे सरकणार.

घरी येऊन त्याने बायकोच्या कानात सांगितलं.

"अहो, तुमच्या मसीहाला एवढंही जमत नाही?" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फाटला. "दार सैल आहे, तर पोराला सांगून या ना! वाट कुणाची बघताय?"

"एकटा पळाला तर गोळी घालतील गं. मसीहा आला की गोळी घालायची कुणाची छाती होणार नाही."

उन्हाळा गेला. पानं गळायला लागली. एका सकाळी तुरुंगातून निरोप आला : सात नंबरचं कुलूप सैल झालंय, कैद्यानेच तक्रार केलीय.

"अजब आहे हो तुमचा पोरगा," म्हातारा पहारेकरी त्याला कोठडीपाशी सोडत म्हणाला. "मी तेलाचा डबा घेऊन येतो. तोवर उरका. आणि काका, रडारड नको."

गजांमागे मुलगा उभा होता. गालांची हाडं वर आलेली.

"तुला कळलं होतं?"

"केव्हाच. रोज खांदा टेकून उभा राहायचो, बाबा. ढकलायचा मोह आवरेना, म्हणून सांगून टाकलं."

"गाढवा, तक्रार कशाला केलीस? मसीहा आला असता म्हणजे..."

"मी गेलो तर या ओळीतल्या अकरा जणांना तळघरात टाकतील. शेजारच्याला तर डोळ्यांनी दिसतही नाही."

"तो आला की त्या अकरांनाही सोडवेल."

"तो आलाय, बाबा."

"कुठाय?"

"इथेच. दार उघडायला नाही आला. आमच्यात येऊन बसलाय."

किल्लीकाकाने गजांना नाक लावून आत पाहिलं. एक बादली, एक घोंगडी, आणि मुलगा.

"मला तसला नकोय," तो म्हणाला. "मला दार उघडणारा हवाय."

मुलाला खोकला आला. तोंड पुसून तो म्हणाला, "माहीत आहे मला. पण तुम्ही हे कुलूप नीट नाही केलंत तर दुसऱ्या कुणाला बोलावतील, आणि त्याला कानशीच्या खुणा दिसतील. मग आईकडे कोण बघणार? बसवा."

किल्लीकाकाने नवे लिव्हर बसवले. काम चोख झालं. दुसरं त्याला येतच नव्हतं. मुलाने आतून खांदा देऊन पाहिला. दार तसूभरही हललं नाही.

"पक्कं झालं, बाबा."

पहारेकरी डबा घेऊन आला, किल्ली फिरवून खूश झाला. "वा! चला काका."

किल्लीकाका हलला नाही. त्याने बाहेरून दाराला खांदा लावला. आधी हळू, मग अंगातला सगळा जोर काढून. पहारेकरी त्याचा दंड धरून ओढत होता, आतून मुलगा "बाबा, पुरे" म्हणत होता, आणि तो ढकलत राहिला.