एकच निकाल

ऑफिसात त्याला सगळे प्लंबर म्हणत. काम तसंच होतं. नोकऱ्यांच्या हजारो जाहिराती एका मोठ्या कंपनीकडे साठलेल्या असत. तिचा एपीआय, जणू त्या जाहिरातींचा नळच, लोकांच्या साइटला, अ‍ॅपला जोडून द्यायचा, म्हणजे तिथल्या चौकटीत शब्द टाकला की नोकऱ्या दिसायला लागत. त्या कुणाला लागतात की नाही, हे बघणं त्याच्याकडे नव्हतं.

जोडणी झाली की तो एक खोटी जाहिरात चढवून ती शोधून बघायचा. शब्द मात्र असा हवा, की दुसरी एकही जाहिरात वर येऊ नये. 'ड्रायव्हर' टाकला तर नऊशे निघायच्या. यावेळी डोकं खाजवता खाजवता त्याला थोरला भाऊ आठवला. दादा तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होता. छापखान्याला टाळं लागून तीन वर्षं झाली. तेव्हापासून तो याच्याच घरी होता. प्लंबरने टाइप केलं, 'छापखान्यासाठी अनुभवी जुळारी पाहिजे.' मग 'जुळारी' हा शब्द शोधला. एकच निकाल. स्वारी खूश होऊन चहाला गेली.

फक्त घाईघाईत ती जाहिरात चाचणीच्या यादीऐवजी खऱ्या यादीत गेली.

चार दिवसांनी चाचणीच्या मेलबॉक्समध्ये अर्ज येऊन पडला. 'सोमवारपासून येऊ शकतो. नजर अजून शाबूत आहे.' खाली दादाचं नाव.

संध्याकाळी दादा दारातच उभा. गुळगुळीत दाढी केलेली, जुना अ‍ॅप्रन धुऊन दोरीवर टाकलेला. "अरे, निघाली जागा! तीन वर्षं रोज तोच शब्द टाकतोय, रोज शून्य. म्हटलं नव्हतं तुला, कुणाला तरी आमची गरज पडणार?"

चूक सांगायची, तर तो शब्द का निवडला हेही सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून त्याने उत्तर धाडलं, 'जागा भरली आहे. धन्यवाद.' आणि जाहिरात पुसून टाकली. भित्र्या माणसाची दया ही अशी असते.

दादा खचेल असं त्याला वाटलं होतं. पण दादाने जुनी वही काढली आणि ओळखीच्या एकेका जुळाऱ्याला फोन लावला. "तुला घेतलं का रे? खरं सांग, मला राग नाही." एक वारला होता, एकाला दिसत नव्हतं. बाकीचे विचारायला लागले, आम्हीही अर्ज करू का?

रविवारी पाच म्हातारे चष्मे पुसत बाहेरच्या खोलीत बसले होते. दादाने सगळ्यांदेखत फोनवर तोच शब्द टाकला. शून्य.

"थांबा," दादा म्हणाला, "माझा धाकटा याच कामात आहे. काय रे, परत निघेल ना?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"निघेल," तो म्हणाला. "रोज बघत जा."