वैशाखात पाहिलेली डोंगरावरची जमीन

मे महिन्याचा दुसरा शनिवार. पहाटे पाचला अकोल्यातल्या जठारपेठेतून निघालो. गाडीत तिघं: मी, माझे यजमान आणि गाडी चालवायला माझा धाकटा भाऊ दिलीप. चौथे, जमिनीचे दलाल नामदेवभाऊ, परतवाड्याला बसणार होते.

निघण्याचं कारण आधी सांगते. गेल्या वैशाखात यांना ऊन लागलं आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. दमा जुनाच. डॉक्टर म्हणाले, "पुढचे उन्हाळे अकोल्यात काढू नका." तेव्हापासून मी जमीन शोधते आहे: डोंगरावर, थंड हवेची आणि आमच्या आवाक्यातली. अकोल्याचं घर विकून तिथे कायमचं राहायला जायचं, हे यांनी नात्यात सगळ्यांना सांगूनही टाकलं आहे.

चिखलदऱ्यात हॉटेलांमुळे भाव वर गेलेले. धारणीकडची एक जागा पसंत पडली, पण ती आदिवासी खातेदाराची निघाली. तशी जमीन आम्हाला घेता येत नाही. ही तिसरी. ती गवळ्याची, म्हणजे आदिवासी नसलेल्या खातेदाराची होती. शेतजमीन घ्यायला आपण शेतकरी असल्याचा दाखला लागतो, पण बार्शीटाकळीच्या सातबाऱ्यावर यांचं नाव आहे, त्यामुळे ती चिंता नव्हती. फाईलमध्ये सातबारा, फेरफार, नकाशा. पिशवीत यांचे दम्याचे दोन पंप, गोळ्या, मीठ-साखरेचं पाणी आणि हवेचं तापमान पाहायला एक थर्मामीटर.

"ताई, जमीन पाहाले चाललो का वऱ्हाड घेऊन?" पिशव्या ठेवता ठेवता दिलीप म्हणाला.

अकोट मागे पडल्यावर सातपुड्याची निळी रेघ दिसू लागली. परतवाड्याला चहा घेतला तोवर गाडीचं दार हाताला चटका देत होतं. नामदेवभाऊ बसले आणि घाट सुरू झाला. चौथ्या वळणावर गाडी तापली. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलो आणि पिण्याच्या पाण्याचा कॅन तिला पाजला. सागाला पान नव्हतं, सावली कुठेच नाही. हे दगडावर बसले होते आणि मी त्यांचे श्वास मोजत होते.

"माह्याकडे काय पाहून राहिली? गाडीकडे पाह्य," हे म्हणाले.

माथ्यावर आलो आणि काचेतून येणारा वाराच बदलला. मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेने तासाभरात त्या वस्तीवर पोचलो. पंचवीस-तीस घरं, दारोदार म्हशी. थर्मामीटर काढला: बत्तीस. फोनवर अकोला पाहिलं: चाळीस.

यांनी उतरल्या उतरल्या पंपाचे दोन झोत घेतले आणि शेताकडे निघाले. आमच्या गच्चीचा जिना चढताना ते दोनदा थांबतात. इथे मात्र चढाच्या टोकापर्यंत न थांबता गेले आणि मोहाच्या झाडाखालून हाक मारली, "इकडं ये ना! इथं आंगण, अन् तिथं आंबा!" इतका मोठा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता.

मी माझं काम केलं. विहिरीला मे महिन्यात पाणी, वाट नकाशात दाखवलेली, वीज बांधापर्यंत, दवाखाना पाऊण तासावर. मग पुरुषमंडळी हद्दीचे दगड पाहायला गेली आणि मी मालकाच्या घरी टेकले.

मालकाची बायको, सुगंधाबाई, चुलीपुढे होती. तिने कुटकीचा भात (बारीक भरडधान्याचा) आणि ताक दिलं. जेवताना वर पाहिलं. चुलीवर आढ्याखाली चार दोर बांधलेले, धुराने काळे कुळकुळीत.

"हे दोर कशासाठी?"

"कपड्याइले. झडीत (दिवसेंदिवस न थांबणाऱ्या पावसात) सूर्व्या दिसत नाही बाई, ढगच घरात येते. मंग चूल इझू देत नाही आमी, तिच्यावरच वारवतो."

"ढग घरात येतात?"

"येतात म्हन्जे? या दारातून येते अन् इथंच निजते, सोयऱ्यासारखे!"

मी हसले. ती हसली नाही. "तुमच्या मालकाले दम हाय न? मघा तोंडात फुसफुस करून राहिले होते."

मी मान हलवली.

"आमचा बुढा, माहा सासरा, तसाच हाय. जेठ सरला का त्याले खाली परतवाड्याले लेकीकडं नेतो, दसऱ्याले आनतो. एका साली नाही नेला. दोन मयने बसून झोपला. आडवं होताच येत नव्हतं त्याले."

पाणी, वाट, वीज, दवाखाना, सगळं विचारलं होतं. पावसाळा विचारला नव्हता. आमच्या अकोल्यात पावसाळा म्हणजे सुटका, तेव्हाच हे मोकळा श्वास घेतात. ज्याची वाट पाहतो तोच ऋतू इथे जीव घेईल, हे मनात यावं तरी कुठून?

"जमीन तुमचीच विकायची आहे. मग मला का सांगता?"

"विकाची तं हायच. पन तुमी इथं रायसान, तं रातभर खोकला मलेच आयकू येईन न?" तिने आणखी ताक वाढलं. "आखाडात चार दिवस येऊन राहा. मंग ठरवा."

परतताना नामदेवभाऊंना विचारलं, आषाढापर्यंत थांबता येईल का. "नाही जमत, वहिनी. अमरावतीची पार्टी तयार हाय. बुधवारी सांगा." हे पुढच्या सीटवर शांत झोपले होते, घाट उतरेपर्यंत एकदाही खोकले नाहीत. घाटाखाली गरम वारा आत आला आणि त्यांनी झोपेतच मान वळवली.

उन्हाळ्यापुरतंच राहायचं तर खोली भाड्यानेही मिळते. पण यांना खोली नको आहे, ते अंगण हवं आहे. आणि अकोल्याचं घर विकलं, तर पावसाळ्यात खाली उतरून जायचं कुठे?

रात्री जेवायला बसेपर्यंत यांनी वहीत घराचा आराखडा काढला होता. "पडवी पश्चिमेकडं काढू," ते म्हणाले. "दोघं पाऊस पाहत बसू."

मी म्हटलं, "भाजी घ्या."

आज मंगळवार. नामदेवभाऊंचा फोन उद्या येईल. सुगंधाबाईने सांगितलेलं यांना सांगायचं अजून राहिलं आहे.