वैनगंगेच्या बेटावरची माती

ब्रह्मपुरीच्या खाली वैनगंगेत एक बेट होतं. त्याच्या मधोमध एक डबकं, उन्हाळ्यातही न आटणारं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मी नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो आणि जुन्या परागकणांच्या नादी लागलो होतो. लोखंडी नळी डबक्यात खुपसायची, आतला चिखल उपसायचा आणि थराथरातले पराग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. तिथे पूर्वी शेत होतं का, गुरं चरत होती का, ते कळतं. घरचे म्हणत, याला माणसांपेक्षा चिखल बरा. खोटं नव्हतं.

बेटावर जंगलातल्या गावची एक बाई नवरा आणि दोन म्हशी घेऊन आली होती. इथे कायमचं राहावं का, हे तिनं मातीलाच विचारलं होतं. संध्याकाळी तांदळाची लहानशी रास घालून पळसाच्या द्रोणाखाली झाकली. सकाळी दाणाही हलला नव्हता. त्यांच्यात याचा अर्थ, जागा राहू देते.

तरी मला म्हणाली, "भाऊ, इथी पयले कोनी रायत होतं का, पाहून सांगजा."

होळीनंतर त्या डबक्यातल्या चिखलाचा निकाल हाती आला. खाली धानासारख्या गवताचे मोठाले पराग, गुरांच्या वावरात माजणाऱ्या माठाच्या तणाचे पराग, कोळशाची पूड. त्यावर पुराची वाळू. वाळूवर नुसतं जंगल. मग पुन्हा धान, पुन्हा माठ, पुन्हा वाळू.

मृगाआधी बेटावर जाऊन तिला सगळं सांगितलं. ती हरखली.

"म्हंजे धान पिकते इथी."

"बाई, दोन्ही वेळा वाळू आली. ते लोक राहिले नाहीत."

"कुठी गेले मंग?"

परागांवरून ते कळत नाही. मी तसंच सांगितलं.

"मातीनं मले हो म्हनलं, भाऊ. अन् गावात भावाभावात आमाले वाटा उरला नाई. जाऊ कुठी?"

मी चिडलो, आवाज चढवला. ती शांतपणे कोरा चहा ठेवायला उठली. तिनं वरच्या मातीला विचारलं होतं, मी खालच्या. परतताना मला सारखी भीती वाटत होती.

त्या श्रावणात वैनगंगा फुगली. हिवाळ्यात डोंग्यातून पुन्हा गेलो, तर झोपडी नव्हती. तिच्या चुलीच्या जागी नळी खुपसली. वर पांढरी, नवी वाळू निघाली. तिच्याखाली राख, राखेत धानाचा कोंडा.

नावाड्याला विचारलं, ते दोघं कुठे गेले?

"कुठी गेले, कोनाले मालूम," तो म्हणाला आणि डोंग्याची दोरी सोडायला वाकला.